अमेरिकेच्या दक्षिणेतलं जेवण : लक्षात राहिलेली ताटं

रानजाई | १२ जुलै, रात्री ९:४०

अटलांटाजवळ राहायला येऊन मला ११ वर्षं झाली. आले तेव्हा 'दक्षिणेतलं जेवण' म्हणजे तळलेलं चिकन आणि घसा धरेल इतका गोड चहा, एवढंच माहीत होतं. पहिली दोन-तीन वर्षं बाहेर जेवायचं म्हटलं की आम्ही आपलं डोसा नाहीतर पंजाबी गाठायचो. मग सासूबाई-सासरे आले, त्यांना समुद्र दाखवायला सव्हानाला नेलं आणि तिथे जोन्स स्ट्रीटवर मिसेस विल्क्स डायनिंग रूममध्ये जेवलो. तेव्हापासून या भागातलं साधं, गावचं जेवण शोधत फिरायचा मला नादच लागला आहे. हा धागा त्यासाठीच.

ही जागा म्हणजे मुळात एक खानावळ. सीमा विल्क्स या बाईंनी १९४३ साली एक बोर्डिंग हाऊस चालवायला घेतलं, तिथल्या भाडेकरूंना त्या जेवायला घालायच्या. त्या २००२ मध्ये गेल्या, आता घरचेच लोक बघतात. आरक्षण नाही. फुटपाथवर रांग लावायची. आम्ही जवळजवळ दीड तास उभे होतो, जुलैचं ऊन, सासरे ७४ वर्षांचे. 'एवढं काय आहे तिथे' असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आत दहा-दहा जणांची टेबलं. तुम्ही चौघं असाल तर उरलेले सहा अनोळखी. आणि बसायच्या आधीच टेबलावर वाडगेच वाडगे मांडलेले. मी मोजायला लागले आणि वीसच्या आसपास नाद सोडला. तळलेलं चिकन, बीफ स्ट्यू, भात, भेंडी-टोमॅटो, कॉलर्डची भाजी, बटर बीन्स, मॅकरोनी, कोबी, बिस्किटं (इथली, मऊ पावासारखी), कॉर्नब्रेड. वाडगा उचलायचा, वाढून घ्यायचं, डावीकडच्याला द्यायचा.

सासूबाईंनी एक वाडगा जवळ ओढला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं, ही तर चवळी!" पुढचा वाडगा : "ही भेंडी." त्यापुढचा : "आणि हे रताळ्याचे पाकातले काप, उपासाचे!" इथे त्यांना कँडीड याम म्हणतात, पण असतात ती रताळीच. समोर अलाबामातलं एक वयस्क जोडपं बसलं होतं. त्या बाईंनी मला विचारलं, या काय म्हणतायत? मी सांगितलं. त्यावर त्या आणि सासूबाई चवळी कशी भिजवायची यावर माझ्यामार्फत पंधरा मिनिटं बोलत राहिल्या. सासरे शाकाहारी. वाढणाऱ्या बाईंनी एकेका वाडग्यावर बोट ठेवून 'यात मांस आहे, यात नाही' असं नीट सांगितलं, न कंटाळता.

शेवटी बनाना पुडिंग. आणि जेवण झालं की आपलं ताट आपणच उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचं, तशी तिथली रीतच आहे. सासऱ्यांनी ताट उचललं तेव्हा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नाच्या पंगतीतून पोट भरून उठलेल्या माणसाचा असतो, तसा.

तुम्ही कुठे जेवलात? चकचकीत जागा नकोत असं नाही, पण ज्या ताटाची आठवण अजून येते असंच सांगा.

माणदेशी | १२ जुलै, रात्री ११:१५

रानजाईताई, धागा काढलात ते फार बरं केलंत.

मी ऑबर्नला, म्हणजे अलाबामात, पीएचडी करतोय. आटपाडी तालुक्यातला आहे. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या हे कष्टकऱ्याचं जेवण. पाऊस नसायचा तेव्हा रोज कण्याच. कण्या आणि ताक, कण्या आणि मिरचीचा ठेचा. लहानपणी कंटाळा यायचा.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रिट्स (मक्याच्या भरडीची लापशी) खाल्ले ते हायवेवरच्या एका साखळी हॉटेलात, नाव सांगत नाही. पाकिटातले, दोन मिनिटांत गरम पाण्यात कालवलेले. चव नाही, दाणा नाही, खळ. मनात म्हटलं, हे लोक याचं कौतुक का करतात?

मग आमच्या प्रयोगशाळेतला एक मित्र, जॉर्जियातल्या शेतकऱ्याचा मुलगा, मला त्याच्या घराजवळच्या एका छोट्या खानावळीत घेऊन गेला. पत्र्याचं छप्पर, आठ टेबलं. तिथले ग्रिट्स दगडी जात्यावर भरडलेल्या मक्याचे. मंद आचेवर तासभर शिजवलेले, मध्ये लोण्याचा गोळा. पहिला चमचा तोंडात घातला आणि मला आईच्या चुलीजवळ बसल्यासारखं झालं. दाताखाली येणारा तो दाणा, कडेला धरलेली साय. कण्याच त्या. धान्य बदललं एवढंच.

जॉर्जियाने २००२ मध्ये ग्रिट्सला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केलंय. आपल्याकडे कण्यांना असा मान कुणी द्यायचा?

अजून एक. रस्त्याच्या कडेला 'बॉइल्ड पीनट्स' अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली की गाडी थांबवा. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडतात. अमेरिकेच्या बाकी भागातल्या लोकांना हा प्रकार विचित्र वाटतो, त्यांना शेंगदाणा म्हणजे खारा आणि भाजलेलाच. आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. साउथ कॅरोलायनाने २००६ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत खाऊ केलं. मी पिशवी घेतो आणि गाडीतच फोलपटं काढत बसतो, सुगीच्या दिवसांत बांधावर बसल्यासारखा.

आजीचा बटवा | १३ जुलै, सकाळी ८:०५

पुण्याहून लिहिते आहे. ऑक्टोबरात लेकीकडे शार्लटला जायचं आहे, म्हणून हा धागा दोनदा वाचला.

रानजाई, तुझ्या सासूबाईंसारखीच मी, ओळखीचं काही दिसलं की मोठ्याने बोलणारी. मला एक सांग, ती कॉलर्डची भाजी म्हणजे नेमकं काय? आणि मक्याचा ब्रेड कशाशी खातात?

रानजाई | १३ जुलै, सकाळी १०:३०

काकू, कॉलर्ड म्हणजे कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी मोठी, जाड पानं. नवलकोलाची पानं आठवा, त्याहून रुंद. त्यांना कोवळं करायचं तर वेळ द्यावा लागतो. दोन-दोन तास शिजवतात, बहुतेक ठिकाणी डुकराच्या धुरी दिलेल्या हाडाबरोबर. काही जण त्याऐवजी धुरी दिलेली टर्की घालतात. वरून तिखट व्हिनेगर.

पण खरी गंमत भाजीत नाही, खाली उरलेल्या पाण्यात आहे. त्याला पॉटलिकर म्हणतात. हिरवट, खारट, किंचित कडू. पुरणाची डाळ शिजवल्यावर आपण कट टाकून देत नाही ना, तसं. किंबहुना हा त्यांचा कटच. मळ्यांच्या काळात मालकाच्या ताटात भाजी जायची आणि पाणी गुलामांसाठी उरायचं असं सांगतात, आणि भाजीचा बराचसा कस त्या पाण्यातच उतरलेला असायचा.

अटलांटात मेरी मॅक्स टी रूम म्हणून १९४५ पासूनची जागा आहे. तिथे 'मी पहिल्यांदाच आलोय' असं सांगितलं की पॉटलिकरची वाटी आणि कॉर्नब्रेड पुढे ठेवायची पद्धत आहे. मी गेले तेव्हा ऑर्डरही आपणच पेन्सिलीने कागदावर लिहून द्यायची होती.

आणि आता हे ऐका. कॉर्नब्रेड त्या पाण्यात बुडवून खायचा की कुस्करून, यावर १९३१ साली अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या वर्तमानपत्रात आठवडेच्या आठवडे वाद चालला होता. लुइझियानाचा गव्हर्नर ह्यूई लाँग म्हणायचा बुडवून, आणि वर्तमानपत्राचे संपादक म्हणायचे कुस्करून. दक्षिणेतून पत्रांचा पाऊस पडला.

मी कुस्करते. भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्या घरातली आहे, दुसरं काय करणार.

आजीचा बटवा | १३ जुलै, सकाळी ११:२०

कुस्करूनच! बुडवून खाणं म्हणजे पाहुण्यांकडचं खाणं.

वाटसरू | १३ जुलै, दुपारी ४:५०

मी केरीत (नॉर्थ कॅरोलायना) २२ वर्षं आहे. माझ्या दोन आठवणी.

पहिली चॅपेल हिलच्या क्रूक्स कॉर्नरची. कोळंबी-ग्रिट्स हा आता देशभर मिळणारा पदार्थ, पण मुळात तो साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा सकाळचा नाश्ता. १९८२ मध्ये बिल नील यांनी क्रूक्स कॉर्नर सुरू केलं आणि हा पदार्थ रात्रीच्या जेवणात आणला. मग न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्रेग क्लेबॉर्न यांनी त्यावर लिहिलं आणि तो सगळीकडे पसरला. आम्ही २००४ पासून दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तिथे जात होतो. आधी डुकराची चरबी तव्यावर सुटायची, त्यात कोळंबी, मशरूम, पातीचा कांदा, लसूण, शेवटी लिंबू. खाली चीज घातलेले ग्रिट्स. कोळंबी इतकी अचूक शिजलेली की ती चावताना आवाज यावा. २०२१ च्या जूनमध्ये ते बंद झालं. त्या वर्षी आम्ही वाढदिवसाला घरीच जेवलो, दुसरीकडे जावंसं वाटेना.

दुसरी आठवण आयडनच्या स्कायलाईट इनची. इथून गाडीने दीड-दोन तास, तंबाखूच्या आणि रताळ्याच्या शेतांमधून. छपरावर अमेरिकेच्या संसदेसारखा घुमट बसवलाय, म्हणून चुकायची भीती नाही. १९४७ पासून पीट जोन्स यांचं घराणं तिथे अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर भाजतं. मग दोन हातांत दोन सुरे घेऊन ओंडक्यावर बारीक कापतात, कुरकुरीत कातडीसकट, आणि व्हिनेगर-मिरची शिंपडतात. आत शिरल्यावर त्या सुऱ्यांचा ठेका ऐकू येतो. कागदी पुडीत मांस, त्यावर कॉर्नब्रेडचा चपटा तुकडा, त्यावर कोबीची कोशिंबीर. बस. निवडायला फारसं काही नाही.

मला या साधेपणाचा फार आदर वाटतो. एक गोष्ट करायची, रोज करायची, आणि लाकूडच वापरायचं. गॅसवर करणं किती स्वस्त आणि सोपं पडलं असतं!

बार्बेक्यूबद्दल एवढंच सांगतो की नॉर्थ कॅरोलायनात पूर्वेला अख्खं डुक्कर आणि नुसतं व्हिनेगर, तर पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे फक्त खांद्याचं मांस आणि व्हिनेगरमध्ये थोडा टोमॅटो. यावर इथले शेजारी खरोखर भांडतात. कोल्हापूरचा आणि सोलापूरचा रस्सा समोरासमोर ठेवला तर आपण भांडू तसे.

नीरव | १३ जुलै, रात्री १०:१०

रानजाई, लेख मनापासून आवडला. पण 'पंगत' या शब्दापाशी मी थांबलो आणि दिवसभर तोच डोक्यात राहिला.

१९४३ च्या सव्हानात गोरे आणि कृष्णवर्णीय एका टेबलावर बसून जेवूच शकत नव्हते. स्वयंपाक मात्र बहुतेक घरांत आणि हॉटेलांत कृष्णवर्णीय बायकाच करत होत्या. आपल्याकडची पंगतही अशीच होती. कुणाला आत, कुणाला अंगणात, कुणाला उरलेलं. त्या पंगतीला बसता यावं म्हणून सहभोजनं करावी लागली. तेव्हा हा शब्द वापरताना त्याच्या दोन्ही बाजू लक्षात असाव्यात असं मला वाटतं.

मी ग्रीन्सबरोला राहतो. १ फेब्रुवारी १९६० रोजी इथल्या वूलवर्थच्या दुकानात चार कॉलेजवयीन मुलं खाण्याच्या काउंटरवर बसली आणि कॉफी मागितली. दिली नाही. ती उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. तो काउंटर आता संग्रहालयात आहे, स्टुलांसकट. मी मुलीला घेऊन गेलो तेव्हा तिने विचारलं, फक्त कॉफीच हवी होती ना त्यांना?

पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यूने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. तिथे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना पुडकं बांधून मिळायचं, बसायला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे 'कोण कुठे बसून जेवेल' हा प्रश्न या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

आणि माँटगोमेरीच्या जॉर्जिया गिलमोर. वर्णभेदाविरुद्ध बसवरचा बहिष्कार चालू होता तेव्हा (१९५५-५६) त्या आणि त्यांच्या मैत्रिणी सँडविच, तळलेलं चिकन, गोड सारणाची 'पाय' नावाची पेस्ट्री करून विकायच्या आणि पैसे आंदोलनाच्या गाड्यांना द्यायच्या. कुणी विचारलं पैसे कुठून आले, तर 'कुठूनच नाही'. म्हणून गटाचं नावच पडलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. त्यांची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी घरातच खानावळ काढली. मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवायचे.

आपण वर ज्या चवळी, भेंडी, भात यांचं कौतुक करतोय, ते सगळं या लोकांच्या हातून आलंय. चवळी आणि भेंडी आफ्रिकेतून आली. कॅरोलायनाच्या दलदलीत भात पिकवायचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांकडे होतं, मळेवाल्यांकडे नव्हतं. बांध घालायचे कसे, पाणी कधी सोडायचं, उखळात सडायचं कसं, सगळं त्यांचं. 'कॅरोलायना गोल्ड' या तांदळावर चार्ल्सटन श्रीमंत झालं. अख्खा दाणा जहाजाने युरोपात जायचा आणि तुटका मागे राहायचा. त्याला 'मिडलिन्स' म्हणतात.

माणदेशी | १३ जुलै, रात्री १०:४०

मिडलिन्स म्हणजे तांदळाच्या कण्याच की! नीरवदादा, हे माहीत नव्हतं. चांगला दाणा बाजारात, कणी घरात. आमच्याकडेही हेच.

रानजाई | १४ जुलै, सकाळी ७:१५

नीरव, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. मूळ लेखातला शब्द बदलत नाही, कारण सासऱ्यांचा चेहरा खरंच तसाच होता. पण तुमची पोस्ट लोकांनी त्याच्या जोडीने वाचावी असं वाटतं.

त्या दिवशी आमच्या टेबलावर दहांपैकी तीन जण कृष्णवर्णीय होते, आई आणि दोन मोठ्या मुली. त्या आईने सगळ्यांत आधी चवळी वाढून घेतली आणि म्हणाली, माझी आजी यात अजून मिरी घालायची. हे मी आधी लिहायला हवं होतं.

याच संदर्भात अटलांटातलं पास्कल्स. जेम्स आणि रॉबर्ट या पास्कल भावांनी १९४७ मध्ये काढलेलं. नागरी हक्क चळवळीतली माणसं तिथे बसून बेत ठरवायची. आता जागा बदलली आहे, पण तळलेलं चिकन आणि पीच कॉबलर अजून मिळतं. चिकनचं आवरण पातळ, जाड पिठाचा कोट नाही. मी तिथे नेहमी कॉबलरसाठी जाते. पीचचा रस वरच्या पारीत थोडा मुरलेला, कडा कुरकुरीत.

कोकणवेडा | १४ जुलै, दुपारी १:३०

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला वर्षातून दोनदा जातो, त्यामुळे माझी पोस्ट गंबोची, म्हणजे तिथल्या दाट रश्श्याची.

तिथलं डूकी चेज रेस्टॉरंट. १९४१ मध्ये सुरू झालेलं. १९४६ मध्ये लेआ या घरात सून म्हणून आल्या आणि हळूहळू स्वयंपाकघर त्यांनी हातात घेतलं. भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं, टेबलांवर पांढरी चादर. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आपल्या लोकांना सुंदर जागी बसून जेवायला मिळालं पाहिजे. काळे-गोरे एकत्र बसणं कायद्याने मना असताना वरच्या मजल्यावर दोघांच्या बैठका व्हायच्या आणि खालून गंबो जायचा.

२००५ मध्ये कॅटरीना वादळात पाणी शिरलं. लेआबाई तेव्हा ऐंशी पार. रस्त्यापलीकडे सरकारी ट्रेलरमध्ये राहून त्यांनी पुन्हा उभं केलं, २००७ मध्ये दार उघडलं. २०१९ मध्ये त्या गेल्या, ९६ वर्षांच्या होऊन. मी त्यांना एकदा पाहिलंय. लाल कोट घालून टेबलांमधून फिरत होत्या. माझ्या ताटात थोडा भात उरलेला पाहून त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी संपवला.

गंबो म्हणजे काय ते कोकणी माणसाला समजतं. पीठ तेलात ढवळत राहायचं, पांढऱ्याचं बदामी, बदामीचं चॉकलेटी. हात थांबला की करपलं, पुन्हा पहिल्यापासून. त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. मग खेकडे, कोळंबी, सॉसेज, कालवं. दाटपणाला भेंडी, किंवा सॅसफ्रासच्या वाळलेल्या पानांची पूड, जी चॉक्टॉ लोकांकडून आली. गंबो हा शब्दच मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधला भेंडीचा शब्द आहे. एका वाडग्यात आफ्रिका, फ्रान्स आणि मूळचे रहिवासी, आणि खाली भात. आमच्या खेकड्याच्या कालवणाला भाजलेल्या खोबऱ्याची दाटी असते, इथे भाजलेल्या पिठाची.

पण माझ्या मनात घर केलंय ते गंबो झर्बने. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी डूकी चेजमध्ये हा हिरवा गंबो होतो. मोहरीची पानं, कॉलर्ड, पालक, सलगमची पानं, बीटची पानं, वॉटरक्रेस, अशा नऊ प्रकारच्या पाल्यांचा. (मांसही असतं भरपूर, शाकाहारी मंडळींनी फसू नये.) जितके पाले तितके नवे मित्र त्या वर्षी मिळतात अशी समजूत. मला पहिला घास घेतल्यावर ऋषिपंचमीची भाजी आठवली. चव वेगळी, पण हिशोब तोच : परसातलं, ओढ्याकाठचं मिळेल ते सगळं एका भांड्यात, वर्षातून एका दिवशी. आमच्या गुहागरच्या घरी आजी माठ, अळू, लाल भोपळा, पडवळ मोजून घ्यायची. कुणी एखादी भाजी विसरलं की तिला करमायचं नाही.

पाऊसवेळ | १४ जुलै, रात्री ८:००

चाय पानीचं नाव कुणीच कसं काढलं नाही? अ‍ॅशव्हिल, नॉर्थ कॅरोलायना. २००९ मध्ये मेहेरवान इराणी यांनी काढलं, जे अहमदनगरला (आता अहिल्यानगर) वाढले! २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत अख्ख्या अमेरिकेतलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून निवडलं गेलं. भेळ-वडापावच्या दुकानाला हा मान मिळाल्याचं वाचलं त्या दिवशी मी आईला पहाटे फोन करून उठवलं. ती नगरचीच.

तिथल्या ओक्रा फ्राइज म्हणजे भेंडीच्या लांब, पातळ चिरलेल्या सळ्या, कुरकुरीत तळून लिंबू-मीठ. दक्षिणेत भेंडी मक्याच्या पिठात घोळवून तळतातच. त्या भेंडीला नगरच्या माणसाचा हात लागला. शेजारच्या टेबलावर एक आजोबा होते, टोपीवर ट्रॅक्टर कंपनीचं नाव. त्यांनी दोन प्लेट मागवल्या.

तसेच मिसिसिपीत ऑक्सफर्डला विश्वेश भट्ट. मूळचे गुजरातचे, २०१९ मध्ये दक्षिण विभागाचे सर्वोत्तम शेफ ठरले. ते स्वतःला दक्षिणेचे शेफ म्हणवतात, आणि का म्हणू नये? भेंडी, चवळी, भात, शेंगदाणे, सगळं घरचंच.

वाटसरू | १४ जुलै, रात्री ८:४५

नॅशव्हिलचं प्रिन्सेस हॉट चिकनही यादीत असू द्या. थॉर्नटन प्रिन्स रात्री उशिरा घरी यायचे म्हणून त्यांच्या मैत्रिणीने चिडून चिकनमध्ये मिरची ओतली आणि त्यांना ती आवडली, अशी कथा सांगतात. पांढऱ्या ब्रेडवर लालभडक तुकडा, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. खालचा तेलात भिजलेला ब्रेड टाकू नका, तोच शेवटचा घास.

आजीचा बटवा | २६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

शार्लटहून. लेकीने गाडी काढली आणि आम्ही सव्हानाला जाऊन आलो. रांगेत तास गेला, पण मी घडीची खुर्ची नेली होती. वाडगे बघून मी चवळीला नमस्कारच केला.

माझ्या शेजारी टेनेसीतल्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी कॉर्नब्रेड भाजीच्या पाण्यात कुस्करला. त्यांनी बघितलं आणि माझा हात धरला. म्हणाल्या, माझे वडील रात्री उंच पेल्यात ताक घ्यायचे, त्यात कॉर्नब्रेड कुस्करायचे आणि चमच्याने खायचे. हेच त्यांचं जेवण. मी लेकीला म्हटलं, सांग यांना, माझे वडील ताकात भाकरी कुस्करायचे, वर चिमूटभर मीठ. मग आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही.

परतताना उत्तर जॉर्जियातून आलो. ब्लेअर्सव्हिलजवळ ज्वारीची काकवी विकायला होती. हो, ज्वारीचीच! गोड धाटं चरकात पिळून, कढईत आटवलेली. गरम बिस्किटावर लोणी आणि ही काकवी. आपल्या फलटणला निंबकरांच्या संस्थेने गोड ज्वारीवर असंच काम केलंय, माझे दीर तिथे जाऊन आले होते, म्हणून मला माहीत. दोन बाटल्या घेतल्यात, एक पुण्याला नेणार.

आता माणदेशी, तू सांग. पुण्यात ग्रिट्स करायचे तर मका कुठला घेऊ?

माणदेशी | २६ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

आजी, मधुमका नको, वाळलेला पांढरा मका मिळाला तर उत्तम, नाहीतर पिवळा चालेल. गिरणीवाल्याला लापशीच्या रव्यासारखं भरड दळायला सांगा. घरी आल्यावर चाळून पीठ बाजूला काढा, त्याची भाकरी होईल. जाड कण्या पाण्यात घाला, वर तरंगलेली फोलं निथळून टाका. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, लागलं तर थोडं दूध. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, पाऊण ते एक तास, अधूनमधून तळापासून ढवळायचं. मीठ सुरुवातीलाच, लोणी शेवटी.

पहिल्या दिवशी नुसत्याच खा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या घट्ट झालेल्या असतात, त्यांच्या वड्या कापून तव्यावर तेलात खरपूस परता. त्या काकवीबरोबर.

आजीचा बटवा | २६ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

लिहून घेतलं. गिरणीवाला आधी विचारेल कोंबड्यांसाठी का म्हणून. त्याला एक वाटी नेऊन देईन.